फोटोतला बुके आणि रत्नागिरीत मिळणारी फुलं : दुकानाच्या नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

९ जानेवारी
आधी काम काय ते लिहिते. आमचं फुलांचं दुकान रत्नागिरीत, मारुती मंदिरपासून जवळच. हार, वेण्या, पूजेची फुलं, लग्नाची गाडी सजवणं हा मूळ धंदा. अलीकडे बाहेरगावच्या ऑर्डरी वाढल्यात. मुलगा पुण्यात नाहीतर अमेरिकेत, आईवडील इथे जवळच्या नाचणे किंवा शिरगाव गावात. मुलगा मोबाइलवर चित्र बघून पैसे भरतो आणि तेच चित्र पोर्टलकडून (फुलांच्या ऑर्डरी घेणाऱ्या वेबसाइटकडून) माझ्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं, खाली एक ओळ : संध्याकाळी पाचच्या आत पोहोच करा. चित्रातली निम्मी फुलं रत्नागिरीत कुणी पाहिलेलीसुद्धा नसतात.

ठरवलंय ते असं. जी चित्रं पुन्हा पुन्हा येतात ती एकेक करून सोडवायची. इथे जो माल खात्रीने येतो त्यातून स्वतःचे नमुने बांधायचे, फोटो काढायचे, खर्च लिहायचा आणि पोर्टलला सांगायचं की रत्नागिरीसाठी ही चित्रं दाखवा. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडे हाच धंदा करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय.

१२ जानेवारी
माल कुठून येतो ते एकदा लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गुलाब आणि जरबेरा कोल्हापूरहून, रात्रीच्या गाडीने, आंबा घाट उतरून. कार्नेशन आणि लिली दक्षिणेकडून फिरत कोल्हापुरात येतात, मग आमच्याकडे. ऑर्किड थायलंडचं, ते मुंबईहून मागवावं लागतं. झेंडू, शेवंती, निशिगंध घाटावरचा. इथलं म्हणावं ते सोनचाफा, अबोली, जास्वंद, अनंत, आणि यातलं एकही पोर्टलच्या चित्रात नसतं.

खोकं गाडीच्या डिकीत इंजिनाच्या बाजूला पडलं की गुलाब रात्रभरात उमलून येतो. हे कळायला बराच माल गेला. आता क्लीनरला ५० रुपये वेगळे देते, खोकं आत मागच्या सीटखाली येतं. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडलेला नाही.

१६ जानेवारी
पहिलं चित्र घेतलं : काचेच्या उंच भांड्यात लाल गुलाब आणि पांढरी लिली. सगळ्यात जास्त येणारी ऑर्डर. मजकुरात २० गुलाब लिहिलेत. चित्रात मोजले तर समोरूनच २३ दिसतात, मागच्या बाजूचे वेगळे. फोटोतल्या गुलाबाचा दांडा ६० सेंटीमीटरचा असणार, माझ्याकडे येतो तो ४० चा, आणि दांडा आखूड म्हणजे कळीही लहान.

हिशेब मांडला. पोर्टलवर या चित्राची किंमत १,७९९. माझ्या हातात १,०८०, पोहोच धरून. गुलाबाची गड्डी २८०, लिलीच्या दोन काड्या २२०, काचेचं भांडं ३२०, जिप्सो (भरीची बारीक पांढरी फुलं) आणि पाला ८०, रिबीन आणि कार्ड ३०, पोहोचवणाऱ्या पोराचं पेट्रोल ८०. झाले १,०१०. उरले ७०. त्यात माझी मजुरी, गाळ्याचं भाडं, वीज. वर लिली सुट्या काड्यांनी मिळत नाही, गड्डीच उचलावी लागते. दोन वापरल्या, बाकीच्या दुकानात उमलून बसल्या. रत्नागिरीत रोज लिली कोण नेतो?

म्हणजे आधी भांडं काढायचं. ते गुलाबाच्या गड्डीपेक्षा महाग आहे आणि पोहोचवताना फुटायची भीती वेगळी. बुरुडाकडून बांबूच्या परड्या सांगितल्या, नगाला ६५. आत प्लॅस्टिक आणि हिरवा स्पंज.

१९ जानेवारी
परडीचा पहिला नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी मान टाकून बसला. बाहेरून स्पंज ओला, कापून पाहिला तर मधोमध कोरडा ठणठणीत. घाईत नळाखाली धरून दाबून भिजवला होता. तो बादलीत नुसता वर ठेवायचा आणि स्वतःच्या वजनाने बुडू द्यायचा. हाताने दाबला की आत हवा अडकते आणि त्या हवेत खोचलेल्या दांड्याला पाणी मिळत नाही. एकदा काडी खोचून उपटली तर तिथेही पोकळी राहते, त्यामुळे जागा आधी ठरवून मगच खोचायचं. हे पोराला परत परत सांगतेय, अजून दाबतोच.

२४ जानेवारी
आजचं महागात गेलं. चित्रात लाल गुलाब आणि काळा कागद, त्याला म्हणे कोरियन पद्धत म्हणतात. ऑर्डर बंगळूरच्या नातवाची, पत्ता इथला, प्रसंगाच्या रकान्यात फक्त 'वाढदिवस'. कागद मिळत होता, हुबेहूब बांधला, फोटो पाठवला, पोर्टलने शाबासकीही दिली. तासाभरात त्या घरातून फोन.

"अहो ताई, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आज. घरात होम चाललाय आणि तुम्ही काळ्यात गुंडाळून फुलं पाठवता?"

त्या सूनबाईंचं बरोबरच होतं. काळा रंग आपल्याकडे संक्रांतीला चालतो, तीही दहा दिवसांपूर्वी होऊन गेली. मी स्वतः गेले, तिथेच ओटीवर बसून काळा कागद सोडवला आणि पिवळ्या कागदात, वर शेवंती लावून परत बांधून दिला. पोर्टलने नंतर अर्धे पैसे कापले, कारण पाठवणाऱ्याने तक्रार केली : चित्रात काळा होता, पिवळा का दिला? घरच्यांनी काळ्याबद्दल तक्रार केली आणि नातवाने पिवळ्याबद्दल, दोन्ही त्याच बुकेबद्दल.

यातली खरी अडचण लक्षात घ्या. पोर्टल पाठवणाऱ्याचा नंबर आम्हाला देत नाही. ज्याला फुलं जायची त्याचा देतं, पण त्याला विचारलं तर गंमत जाते. चॅटवर पोर्टलला विचारावं तर उत्तर येईपर्यंत पाच वाजून गेलेले. ऑर्डर हातात पडली त्या क्षणी विचारायला कुणीच नसतं. तेव्हा बदली काय चालेल हे ऑर्डर यायच्या आधीच ठरलेलं हवं. नमुन्यांच्या वहीत आता प्रत्येक चित्रापुढे बदलीचा रकाना केलाय. काळ्या कागदापुढे : 'वय ६० च्या वर किंवा घरात कार्य असेल तर मरून रंगाचा कागद.' वय कुठून कळणार? कार्डावरच्या मजकुरावरून. 'आजोबा' लिहिलेलं होतं, वाचायला हवं होतं. आता आधी कार्ड वाचते, मग चित्र बघते.

५ फेब्रुवारी
गुलाबाची गड्डी २८० वरून ३६० झाली आणि अजून चढणार. चांगला लांब दांड्याचा माल व्हॅलेंटाइन डेच्या या दिवसांत परदेशी आणि मोठ्या शहरांत जातो, आमच्या वाट्याला आखूड येतो. पोर्टलचा दर मात्र वर्षभर एकच. कोल्हापूरला फोन लावला, म्हटलं भाव बांधून द्या. तिकडून, "ताई, तेरा तारखेचा भाव आज कोण सांगणार? देवाला बी ठाव न्हाई."

निर्णय : १३ आणि १४ तारखेला २० गुलाबांचं चित्र बंद. सहा आणि दहा गुलाबांचीच ऑर्डर घ्यायची, बाकी जरबेरा. पोर्टलवर रत्नागिरीसाठी दोन दिवस तसं करा म्हणून लिहून पाठवलं.

१५ फेब्रुवारी
त्यांनी बंद केलं नाही. काल सकाळी २० गुलाबांच्या ऑर्डरी येऊन पडल्याच. तोवर गड्डी ५४० ला गेली होती. दोन ऑर्डरी परत केल्या, तर पोर्टलवरचे आमचे रेटिंगचे तारे कमी झाले. बाकीच्या बांधल्या आणि प्रत्येकीत पदरचे घातले. यात शिकण्यासारखं एकच, पोर्टलला सांगितलेलं तोंडी किंवा चॅटवर नको, ईमेलवर हवं. कापलेल्या पैशांसाठी भांडताना तेवढंच कामाला आलं.

जरबेऱ्याबद्दल मात्र चांगला अनुभव. त्याचा दांडा आतून पोकळ आणि वरून लव असलेला. बादलीभर पाण्यात ठेवला की कुजून मान मोडते. दोन बोटं पाणी पुरतं, त्यात थेंबभर ब्लीच. फुलाखाली पारदर्शक स्ट्रॉ चढवली तर परडीत सरळ राहतो आणि मोटारसायकलच्या धक्क्यांनाही टिकतो.

६ मार्च
जुना कोल्ड्रिंकचा फ्रीज घेतला, ११,०००. आतल्या पंख्याची हवा फुलं सुकवते, म्हणून वर्तमानपत्रात सैल गुंडाळून बादलीसकट ठेवते. चार डिग्रीवर गुलाब चांगला राहतो. गाडीत तापून मान टाकलेला गुलाबही दांडा तिरका कापून, कागदात घट्ट गुंडाळून, कोमट पाण्यात खोल उभा केला तर दोन-तीन तासांत बराचसा उभा राहतो. उभा राहिला नाही तर हारात.

फ्रीजच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्किड गेलं. पाकळ्यांवर पाणी भरल्यासारखे डाग, मग तपकिरी. उष्ण प्रदेशातलं फूल, त्याला चार डिग्री म्हणजे बर्फच. दहा-बारा डिग्रीच्या खाली ठेवायचं नाही, अँथुरियमचंही तेच. आता ती दोन्ही आतल्या खोलीत जमिनीवर, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला.

१९ मार्च
हायड्रेंजिया. निळा, जांभळा, डोक्याएवढा गोळा. पोर्टलच्या निम्म्या 'पेस्टल' चित्रांत हा आहे. कोल्हापुरात क्वचित येतो, आला तर एका काडीचे दीडशेच्या वर मागतात आणि इथे पोहोचेपर्यंत कोमेजतो. सुरुवातीला मी त्याच्याऐवजी जांभळा ऑर्किड लावायची, रंग जुळायचा. तरी तक्रारी यायच्या, "चित्रासारखं नाही." फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं की रंग जुळतोय पण आकार जुळत नाही. चित्रात एक मोठा गच्च गोळा आहे आणि माझ्याकडे काडीवर सुटी सुटी फुलपाखरं.

मग उलटं केलं. पांढरी शेवंती दहा-बारा काड्यांची एकत्र, देठ एका उंचीला कापून, रबराने बांधून गोळा केला, भोवती लिमोनियमची बारीक निळी फुलं. फूल तद्दन गावठी, आकार मात्र तोच. पोर्टलला 'बदली' लिहूनच फोटो पाठवला. तक्रार आली नाही, पुढच्या दोन्ही वेळीही आली नाही. वहीत आता क्रम असा आहे : आधी आकार, मग रंग, मग फुलाचं नाव. अपवाद एकच. ग्राहकाने कार्डावर फुलाचं नाव लिहिलं असेल ('तुला आवडणाऱ्या लिली') तर बदली नाही. मिळत नसेल तर ऑर्डर परत, तारे गेले तर गेले.

लांबून ऑर्डर कळवण्याची ही पद्धत मोबाइलने आणलेली नाही. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० मध्येच संघटना करून एकमेकांना तारेने ऑर्डरी पाठवायला सुरुवात केली होती. तारेतून चित्र जात नव्हतं, बाकीचं समोरच्या फुलवाल्याच्या हातावर सोडलेलं. मला त्यांचा हेवा वाटतो.

२ एप्रिल
नमुन्यांचे फोटो काढायला घेतले. दुकानातल्या ट्यूबखाली फिका जांभळा गुलाब राखाडी दिसतो, दुपारच्या उन्हात पांढरा फट्ट. सकाळी नऊच्या सुमाराला बाहेर, सावलीत, मागे चुन्याची भिंत, हे जमलं. बुके किती मोठा ते कळावं म्हणून प्रत्येक नमुना दुकानातल्या त्याच निळ्या स्टुलावर ठेवला. एक फोटो समोरून, एक बाजूने. पोर्टलच्या कुठल्याच चित्राला बाजू नाही. समोरची फुलं उंच आणि मागे नुसता पाला, असे ते बांधलेले असतात. घरात टेबलावर मधोमध ठेवल्यावर मागची बाजू सगळ्यांना दिसते.

२१ एप्रिल
कार्नेशनच्या दोन गड्ड्या काल रात्री टवटवीत होत्या. आज सकाळी सगळी फुलं मिटलेली. पाकळ्या आत वळलेल्या, कडा पातळ पडलेल्या, झोपल्यासारखी. पाणी बदललं, दांडे कापले, काही फरक नाही. गाडीत तापली असतील म्हणून कोल्हापूरला फोन करून भांडले. ते म्हणाले, "ताई, हाच माल मिरजेला गेलाय, तिकडनं एक तक्रार न्हाई. तुमच्याकडंच बघा काय ते."

आमच्याकडेच होतं. शेजारच्या गाळ्यात हापूसच्या पेट्यांना जागा उरली नव्हती, म्हणून आठवड्यापासून त्यांच्या पेट्या आमच्या मागच्या खोलीत, गवतात. दार उघडलं की घमघमाट. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, त्यानेच आढीतले बाकीचे आंबे पिकतात, आणि तोच वायू कार्नेशनला एका रात्रीत म्हातारं करतो. खात्री करायला दोन फुलं आंब्याबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवली आणि दोन बाहेर दुकानात. आंब्याबरोबरची मिटली, बाहेरची आहेत तशी. ऑर्किडलाही तो सोसत नाही. जरबेरा शांत असतो.

नुकसान गड्ड्यांचं आणि एका ऑर्डरीचं, मिळून हजाराच्या आसपास. पेट्या हलवायला सांगणं जिवावर आलं. शेजारधर्म आहे, आणि दरवर्षी पेटी येते त्यांच्याकडून. शेवटी कार्नेशनच घरी नेऊन ठेवायचं ठरलं. कोकणातल्या इतरांना सांगते, एप्रिल-मेमध्ये कार्नेशनचा नमुना दाखवूच नका. दुकानात आंबा नसला तरी ज्या घरी जाणार त्या घरात असतोच.

११ मे
मातृदिन. आज पहिल्यांदा वहीतल्या नमुन्यांवर दिवस काढला. पोर्टलने अजून काही लावलेलं नाही, पण ज्यांच्याकडे आमचा नंबर आहे त्यांना आठवडाभर आधी फोटो पाठवले होते. जरबेऱ्याची परडी ७५० ला, पोहोच धरून. खर्च ४३० च्या आत बसला. पोर्टलच्या १,७९९ मधून उरतात त्याच्या कितीतरी पट.

दुबईहून एकाचा फोन आला. फोटो बघून म्हणाला, "ताई, हे सगळं छान आहे, पण आईला बुके म्हणजे काय ते कळत नाही. ती तो देवापुढे ठेवेल. अबोलीचा वळेसर मिळेल का?" वळेसर म्हणजे अबोलीचा गजरा. मिळेल म्हटलं. छोट्या परडीत केळीचं पान, त्यावर सोनचाफा, मधे वळेसर गुंडाळून. २५० रुपये. त्याने बिचाऱ्याने तीनदा विचारलं, एवढेच?

३० मे
पाऊस यंदा मे संपायच्या आतच येऊन धडकला. खोकी भिजून येतायत, गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके, दुसऱ्या दिवशी राखाडी बुरशी. ओल्या हवेत फुलावर पाणी मारायचं नाही, ही सवय मोडायला वेळ लागला. खोकं आलं की ताबडतोब उघडायचं, ओला कागद फेकायचा, ठिपक्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि पंख्याखाली तासभर उभं करायचं. गाडी उशिरा आली तर मालच नाही. जून ते ऑगस्ट गुलाबाच्या नमुन्यांपुढे 'आदल्या दिवशी सांगितलं तरच' असं लिहिलंय.

१७ जून
सोनचाफ्याची परडी नमुना म्हणून फोटोला बसवली. अडचण अशी की सोनचाफ्याला बोट लागलं की डाग पडतो आणि संध्याकाळी तो तपकिरी होतो. तारेत ओवायचा नाही, देठ धरून पानावर ठेवायचा, वरून पुन्हा पान. सकाळी अकराच्या आत पोहोच आणि शहराच्या हद्दीतच. पोर्टलला हे पटणार नाही, त्यांचा पिन कोड शहर आणि खेडी ओळखत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी पंचवीसेक किलोमीटरवरच्या गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलची ऑर्डर स्थानिक म्हणून टाकली होती, पोहोच ८० रुपयांत.

१४ जुलै
पोर्टलचं उत्तर आलं, ईमेलला ईमेलने. पाठवलेल्या नमुन्यांपैकी चार घेतले : जरबेऱ्याची परडी, शेवंतीचा गोळा, दहा गुलाब मरून रंगाच्या कागदात, आणि निशिगंध-ग्लॅडिओलसचा उंच बुके. सोनचाफा नाकारला, 'टिकाऊपणा कमी'. स्टुलावरचे फोटो नाकारून पांढऱ्या पार्श्वभूमीवर परत काढून मागितलेत. बाजूचा फोटो नको म्हणाले. मी समोरचा दिला आणि मजकुरात फुलांची संख्या आणि परडीचा व्यास लिहून घेतला, त्यावर अडून बसले. काळा कागद रत्नागिरीच्या यादीतून काढलाय.

ग्लॅडिओलसचं एक राहिलं. आडवा ठेवला की शेंडा रातोरात वर वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही. बादलीत उभाच ठेवा, मोटारसायकलवरही उभाच.

आजवरचा खर्च : फ्रीज ११,०००, परड्या आणि स्पंज ३,२०० च्या आसपास, नमुन्यांसाठी मोडलेली फुलं साडेचार हजार, कापलेले आणि बुडालेले धरून आणखी चारेक हजार. लिली-गुलाबाचं जुनं चित्र अजून पोर्टलवर आहेच. लिलीची गड्डी चिपळूणच्या एका दुकानाबरोबर अर्धी अर्धी घ्यायचं बोलणं चाललंय. त्यांची गाडी कराडहून कुंभार्ली घाटाने येते, माझी आंबा घाटाने, तेव्हा खोकं कुठे फोडायचं तेवढं ठरायचंय.